एक लहान आग लावून मिळणेबाबत

प्रति,
मा. समन्वयक साहेब,
स्वयंसेवी अग्निशामक ऑनलाइन प्रशिक्षण व प्रमाणन कक्ष,
जिल्हा मुख्यालय.

अर्जदार : उमाजी तुळशीराम मारबते, वय ५७, धंदा मासेमारी व धानशेती, सचिव, गाव वणवा विझवणी दल, मौजा जांभूळहेटी, ता. चामोर्शी, जि. गडचिरोली.

दिनांक : १८ मार्च २००९

विषय : प्रमाणपत्रासाठी आवश्यक असलेली एक (१) लहान आग आपल्या कार्यालयामार्फत लावून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे दि. २ फेब्रुवारीचे पत्र.
२) संगणकाच्या पडद्यावर दि. १२ मार्च रोजी लाल अक्षरांत उमटलेली सूचना.

महोदय,

विषयाची ओळ वाचून आपण चष्मा पुसला असेल. ओळ बरोबर आहे. पुढील मजकूर शेवटपर्यंत वाचावा, एवढीच सुरुवातीची विनंती.

१. आमच्या गावात वणवा विझवणारे अकरा जणांचे दल आहे. सात बाया, चार पुरुष. दलाच्या प्रमुख माझ्या भावजय श्रीमती गोकुळाबाई चैतू मारबते या आहेत, कारण रानातला वारा त्यांना कळतो. मी सचिव आहे, कारण मला अर्ज लिहिता येतो. यापूर्वी मी मासेमार संस्थेचा सचिव अठरा वर्षे होतो. त्या काळात दोनशेच्या वर अर्ज केले आणि चार अर्जांना उत्तर आले. त्यामुळे आपल्याकडून उत्तर येण्यास वेळ लागल्यास मी रागावणार नाही, मात्र आग रागावेल की नाही ते सांगता येत नाही.

२. संदर्भ क्र. १ च्या पत्रात असे नमूद आहे की, दि. ३१ मार्चपर्यंत ज्या स्वयंसेवकांकडे ऑनलाइन प्रमाणपत्र नसेल, त्यांना आगीच्या ठिकाणी 'बघे' समजण्यात येईल व दोनशे मीटर लांब उभे करण्यात येईल. तसेच आमच्या गावाला लागून असलेला जंगलपट्टा कोसमटोला येथील प्रमाणित दलाकडे सोपविण्यात येईल. साहेब, गोकुळाबाईंचे घर गावातले शेवटचे आहे. त्यांच्या न्हाणीच्या मागे कुंपण आहे आणि कुंपणाच्या मागे थेट रान. आपल्या घरामागची आग दोनशे मीटरवरून बघायची म्हणजे त्यांना आधी घर सोडून लांब जावे लागेल. आम्हाला हे मान्य नाही, म्हणून आम्ही प्रमाणपत्र मिळविण्याचे ठरविले.

३. प्रशिक्षण ऑनलाइन असल्यामुळे आम्ही अकरा जण एस.टी.ने चामोर्शीला गेलो. तेथे श्री. अयूब शेख यांचे झेरॉक्स व इंटरनेट सेंटर आहे. अयूबभाई भला माणूस. त्यांनी दुकानातील तीन खुर्च्या बायांना दिल्या, स्वतः उभे राहिले आणि 'जंगलातील आग : ओळख' हा व्हिडिओ लावला. व्हिडिओत गवत पेटले, ज्वाळा कमरेएवढी झाली आणि चित्र थांबले. अयूबभाई म्हणाले, "नेट स्लो आहे भाऊ, येऊन राह्यलं, येऊन राह्यलं." आम्ही अकरा जणांनी ती एक आग चाळीस मिनिटे बघितली. ती वाढली नाही व विझलीही नाही. आमच्या दलातील सर्वांत वयस्क श्री. बुधू (वय ७१) यांनी तिची फार तारीफ केली. "हे आग चांगली हाये बापा. तिथीच थांबून राह्यते. आपल्या रानात अशी एखादी लागली असती तं जेवून-गिवून जाता आलं असतं." त्यानंतर लोडशेडिंग सुरू झाले आणि पहिला पाठ समाप्त झाला. असे बारा पाठ आम्ही नऊ फेऱ्यांत पूर्ण केले.

४. परीक्षेविषयी माझी तक्रार नाही, फक्त माहिती देतो. चौथा प्रश्न असा होता : 'बहुमजली इमारतीत लिफ्टमध्ये अडकलेल्या व्यक्तीस प्रथम काय सांगाल?' बुधू यांनी लिफ्ट म्हणजे काय असे विचारले. अयूबभाईंनी हात वरखाली करून समजावून दिले. बुधू म्हणाले, "मंग त्याले तिथी चढाले कोनं सांगतलं होतं?" हे उत्तर चार पर्यायांत नव्हते.

नववा प्रश्न असा : 'आग दिसताच प्रथम काय कराल?' पर्याय होते फोन करणे, घंटा वाजविणे, नळ उघडणे व शिरस्त्राण घालणे. फोनची रेंज आमच्याकडे टेकडीवरच्या ऐनाच्या झाडाखाली येते, तीही झाडाच्या पूर्व बाजूला. घंटा शाळेत आहे व शाळेला कुलूप असते. नळ मंजूर आहे. शिरस्त्राणाऐवजी ओला दुपट्टा चालेल काय, असे विचारण्यास पडद्यावर जागा नव्हती. गोकुळाबाई म्हणाल्या, "पयले वारा पाहीन. मंग बाकीचं." मी म्हणालो, वहिनी, वारा यात नाही. त्या म्हणाल्या, "नाई तं नाई. ज्यानं पेपर काढला त्याच्या घरी खिडकी नसन." त्यांनी नववा प्रश्न कोरा सोडला व बाकी सर्व बरोबर सोडविले. बुधू तिसऱ्या वेळेस पास झाले. दि. १२ मार्च रोजी आम्ही अकराही जण लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो. अयूबभाईंनी स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

५. त्यानंतर शेवटचे पान उघडले. त्यात रकाना होता : 'मागील तीन वर्षांत प्रत्यक्ष विझविलेल्या आगींची संख्या (किमान एक) व आग विझवितानाचे छायाचित्र.' मी शून्य लिहिले. संगणकाने लाल अक्षरांत कळविले की, 'अनुभव अपुरा. आपण अपात्र आहात.' दुसऱ्यांदा शून्य लिहून पाहिले. तिसऱ्यांदा अक्षरी 'निरंक' लिहिले. उत्तर तेच आले.

६. शून्य का, ते सांगणे भाग आहे. आपण जाणताच की मोहफुले वेचण्याच्या दिवसांत झाडाखालचा पाला लोक पेटवून देतात. पाला जळाला की काळ्या जमिनीवर पिवळी फुले लांबून दिसतात, वेचायला सोपी जातात. मग ती आग झाडाखालून निघून रानात जाते. आमची वस्ती ढीवरांची, घरोघरी फाटकी जाळी पडलेली. गोकुळाबाईंनी ती जाळी मागून आणली आणि प्रत्येक मोहाखाली चार खुंट्यांवर गुडघाभर उंच ताणून बांधली. फुले वरच्या वर जाळ्यात पडतात. पाला पेटवायचे कारणच उरत नाही. पहिल्या वर्षी सगळे गाव हसले. म्हणे ढीवरीण झाडाखाली मासे धरून राह्यली. त्या एवढेच बोलल्या, "मासे नाई तं मोह सही." आता एकही घर पाला पेटवत नाही. सन २००६ पासून आमच्या पट्ट्यात एकही आग लागलेली नाही.

म्हणजे आग लागू दिली नाही, म्हणून आम्ही आग विझविण्यास नालायक ठरलो. हे वाक्य मी चार वेळा वाचून पाहिले, चूक सापडली नाही.

७. याउलट कोसमटोला येथील दलाने एकाच वर्षात चौदा आगी विझविल्या असून त्यांना 'उत्कृष्ट' असे तारांकित प्रमाणपत्र मिळाले आहे. त्याबद्दल त्यांचे अभिनंदन. त्यांची छायाचित्रे मी अयूबभाईंच्या संगणकावर पाहिली, फार सुंदर आहेत. सर्वांच्या अंगावर धुतलेले कपडे असून एका छायाचित्रात सर्व सभासद आग झोडपायच्या डहाळ्या घेऊन ओळीने उभे आहेत व आग अजून लागायची आहे. मी कोणावर आरोप करीत नाही. काही गावांना नशिबाने सोयीच्या वेळी आगी मिळतात.

८. अयूबभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "उमाजीभाऊ, शून्य काऊन टाकता? पाच-सात टाकून द्या. कौन देखने आ रहा?" सल्ला आपुलकीचा होता. परंतु खोटा आकडाच लिहायचा असता तर मी मासेमार संस्थेचे सचिवपद सोडले नसते. दुसरा मार्ग स्वतः आग लावण्याचा. तो वन कायद्याने गुन्हा आहे. आग न लावावी तर अपात्र आणि लावावी तर आरोपी. तेव्हा आपल्या परवानगीने, आपल्या देखरेखीखाली लागलेली आग हा एकच कायदेशीर मार्ग मला दिसतो. अपेक्षित आगीचा तपशील खालीलप्रमाणे :

जागा : बुधू यांची तलावाकाठची पडीक बांधी (धानाचे शेत), चारही बाजूंनी पाला झाडून देऊ.
आकार : सहा हात लांब, सहा हात रुंद, उंची गुडघ्याच्या वर नको.
दिवस व वेळ : कोणताही मंगळवार, सकाळी आठ. तेव्हा वारा झोपलेला असतो.
संख्या : नियमानुसार प्रत्येकी एक आग लागत असल्यास अकरा. कार्यालयास तेवढ्या झेपत नसल्यास एकच आग अकरा वेळा लावावी.
चहापाणी : दलातर्फे. मोहाचे लाडू आहेत, त्यांनी नशा येत नाही.

९. काडीपेटी मात्र कार्यालयाची असावी. आमच्या दलात काडीपेटी बाळगण्यास गोकुळाबाईंची सक्त मनाई आहे. त्यापायी बुधू यांना पन्नास वर्षांची बिडी सोडून उतारवयात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरावा लागला. आणि काडी आपणच जातीने ओढावी. माझ्याकडून ती ओढली जाणार नाही. त्याचे कारण अर्जात लिहावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. लिहितो.

सन १९९८ च्या चैत्रात मोहाखालचा पाला मी पेटवला होता. दुपारी वारा फिरला. माझा मोठा भाऊ चैतू डहाळी घेऊन आगीच्या तोंडाशी धावला आणि मी पाणी आणतो म्हणून मागे पळालो. तलाव जवळ नव्हता, हे मला पळण्यापूर्वीही माहीत होते. चैतूला खाटेवर घालून घरी आणले. नवव्या दिवशी तो गेला. गोकुळाबाई त्याची बायको. त्यांनी मला आजतागायत एका शब्दाने विचारलेले नाही. विचारले असते तर बरे झाले असते, साहेब. पुढच्या वर्षी त्यांनी पहिले जाळे बांधले ते त्याच झाडाखाली. ते जाळे चैतूचे होते. ते अजून तेथेच आहे, दर माघात त्या स्वतः सांधतात. आता तो पट्टा पाला पेटविणाऱ्यांच्या हाती जाणार आणि आम्ही दोनशे मीटरवर बघे म्हणून उभे राहणार, हे मला सहन होणार नाही.

सबब वरील लहान आग ३१ मार्चपूर्वी लावून मिळावी, ही विनंती.

पुरवणी
(दि. २१ मार्च २००९)

वरील अर्ज बुधवारी लिहून ठेवला होता. टपाल शनिवारी निघते. मधल्या शुक्रवारी असे घडले की अर्जात दुरुस्ती करणे जरूर आहे. नवीन कागद घेत नाही, पाठीमागे लिहितो.

१०. शुक्रवारी अयूबभाई स्वतःचा डिजिटल कॅमेरा घेऊन मोटरसायकलने आमच्या गावी आले. ऑनलाइन फॉर्मला पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो लागतात, म्हणून त्यांनी घरची पांढरी चादर आणली होती. चादर गोकुळाबाईंच्या कुंपणावर टांगली. पहिला मान बुधू यांचा. ते स्टुलावर बसले, केसांना पाणी लावले, तोंडातला खर्रा थुंकला. अयूबभाई म्हणाले, "चाचा, हसू नका, सरकारी फोटो आहे." एवढ्यात चादरीच्या वरून धूर दिसला.

आग कोठून आली याबद्दल माझे काही म्हणणे नाही. वारा पश्चिमेकडून होता आणि कोसमटोला पश्चिमेस आहे, एवढे भूगोल सांगतो. कोसमटोल्याचे दल त्या दिवशी पूर्ण संख्येने तालुक्याला गेले होते. तेथे त्यांचा सत्कार होता.

११. ३१ मार्च अजून उजाडलेला नसल्याने आम्ही कायद्याने बघे नव्हतो. निघालो. गोकुळाबाईंनी नववा प्रश्न तेथेच सोडविला : मूठभर माती उचलून हवेत सोडली, ती कुठे पडते ते पाहिले आणि म्हणाल्या, "मोहाकडे येऊन राह्यली. बाया डाव्या अंगानं, मागं कोनी राहू नका." मी अयूबभाईंना म्हणालो, भाऊ, तुम्ही आगीला हात लावू नका, तुम्ही फक्त फोटो काढा, अकरा जणांचे अकरा. देवाने घरबसल्या आग पाठविली आहे, आपल्या कार्यालयाला तसदी नको. अयूबभाई एका वारुळावर चढले. इस्त्रीचा शर्ट, डोळ्याला कॅमेरा.

१२. जाळी नायलॉनची आहेत. ठिणगी पडली की मेणासारखी गळतात. आगीचे एक तोंड बाजूला फुटून थेट चैतूच्या झाडाकडे वळले आणि त्या वेळी तेथे फक्त मी होतो. हातात पळसाची ओली डहाळी. पाणी मागे होते. खरोखरच होते, बुधू दोन बादल्या घेऊन येत होते. मी मागे गेलो नाही. एवढेच या परिच्छेदात नोंदवायचे आहे.

एकटा किती वेळ झोडपत होतो ते माहीत नाही. मग माझ्या उजव्या अंगाला कोणीतरी ओले पांढरे कापड धपाधप आपटू लागले. मान वळवून पाहिले तर अयूबभाई. चादर बुधूच्या बादलीत बुडवून घेऊन आले होते. मी ओरडलो, भाऊ, फोटो! ते म्हणाले, "अरे आग लगे फोटोको, इथी माणूस जळून राह्यला!" डावीकडून गोकुळाबाई आल्या. आम्ही तिघांनी ते तोंड मारले. बाकीच्यांनी उरलेली आग दोन तासांत बसवली. मोहाची सतरा झाडे, सतरा जाळी शाबूत आहेत. अयूबभाईंच्या भुवया गेल्या आहेत, त्या उगवतील असे बुधू सांगतात.

संध्याकाळी राखेवर बसलो असताना गोकुळाबाईंनी स्वतःच्या हाताने मला पाणी दिले व म्हणाल्या, "भाऊजी, यंदा मागं नाई गेलात तुमी." अकरा वर्षांनी विचारले, तेही असे. मी रडलो, हे सचिव या नात्याने नमूद करतो.

कोसमटोल्याचे प्रमाणित दल सायंकाळी सहा वाजता पोचले. गळ्यात हार होते. ओले हार होते, थोडे आधी आले असते तर कामी पडले असते.

१३. सबब प्रमुख विनंतीत पुढीलप्रमाणे बदल करावा.

(अ) लहान आगीची विनंती मागे घेत आहे. आग मिळाली. काडीपेटी आपल्याकडेच ठेवावी.

(आ) पांढऱ्या पार्श्वभूमीची अट शिथिल करावी. पार्श्वभूमी आता काळी आहे व तिला चार भोके आहेत.

(इ) आग विझवितानाच्या छायाचित्राबाबत अडचण अशी की, फोटो काढायचा तर एकाने न विझविता उभे राहावे लागते. आमच्याकडे कॅमेरा होता, तो धरणारा माणूस राहिला नाही. दलात तसा माणूस नाही. बाहेरून आणला तोही टिकला नाही. तरी पुढील आगीच्या वेळी आपल्या कार्यालयातून एक असा कर्मचारी पाठवावा, ज्याला समोर आग दिसत असतानाही हात स्वस्थ ठेवून उभे राहता येते. असे कर्मचारी आपल्याकडे पुरेसे असावेत, असा दोनशे अर्जांचा माझा अनुभव आहे.

(ई) श्री. अयूब शेख यांचे नाव दलात बारावे म्हणून घ्यावे. त्यांनी परीक्षा दिलेली नाही. बारा पाठ मात्र त्यांनी आम्हा अकराही जणांसोबत उभ्याने पाहिले आहेत.

(उ) तोपर्यंत जंगलपट्टा आमच्याकडेच राहू द्यावा. ३१ मार्चनंतर आग लागल्यास आम्हाला दोनशे मीटर लांब उभे करण्यासाठी आपण स्वतः यावे. गोकुळाबाईंना ते सांगण्याची माझी हिंमत नाही.

आपला आज्ञाधारक, निदान ३१ तारखेपर्यंत,

(सही)
उमाजी तुळशीराम मारबते
(उजव्या हाताला फोड आल्याने सही डाव्या हाताची आहे, नमुन्याशी जुळणार नाही.)

सोबत :
१) अकरा जणांच्या लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याच्या छापील प्रती.
२) पार्श्वभूमीचा तुकडा, एक वीत.
३) छायाचित्र, एक. कॅमेरा वारुळावरून खाली टाकला तेव्हा तो आपोआप निघाला. त्यात काळी जमीन, थोडा धूर व एक अनवाणी पाय दिसतो. पाय गोकुळाबाईंचा आहे. त्याच्या खालची आग विझलेली आहे. कृपया एक धरावी.